दलालाविना घर विकताना: थोडक्या खर्चात घर दाखवण्याजोगे कसे करावे

ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या सदनिकेच्या व्यवहारात एजंट साधारणपणे विकणारा आणि घेणारा अशा दोघांकडूनही किमतीच्या एक ते दोन टक्के दलाली घेतो. घर ९० लाखांना गेले, तर एक टक्क्याने विकणाऱ्याला ९०,००० रुपये द्यावे लागतात आणि एजंट जीएसटीखाली नोंदलेला असेल, तर त्यावर १८ टक्क्यांनी आणखी १६,२०० रुपये. ही रक्कम वाचवावी असे वाटणे साहजिक आहे. मात्र तिच्याबरोबर घर दाखवताना बोलणारा एक माणूसही कमी होतो. "हा दिवाण काढला की सहा जणांचे डायनिंग सहज बसते" किंवा "पडदा सरकवा, येऊरचा डोंगर दिसतो" असे एजंट म्हणतो तेव्हा ग्राहक ते ऐकून घेतो. तेच वाक्य मालकाच्या तोंडून आले की त्याला त्यात मालकाची गरज दिसते आणि तो भाव पाडायला लागतो. म्हणून एजंट जे बोलून दाखवतो, ते मालकाने आधीच करून ठेवलेले असावे. दिवाण काढलेला असावा आणि पडदा सरकवलेला असावा. बहुतेक सगळी तयारी या एका सूत्रात बसते.

खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवावी. वाचणाऱ्या दलालीचा पाचवा हिस्सा, म्हणजे वरच्या हिशेबात सुमारे २१,००० रुपये, ही वन बीएचकेसाठी मला पुरेशी वाटते आणि निम्म्या रकमेतही बरेच काम होते. त्यापलीकडे जाण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे घर घेणारे कुटुंब ताबा मिळताच आपल्या आवडीचे इंटिरिअर करून घेते. तुम्ही बसवलेले नवे मॉड्युलर किचन किंवा पीओपीचे छत ते आनंदाने तोडेल आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त देणार नाही. भिंती पाडणे, बाल्कनी आत घेणे असली कामे तर विक्रीच्या तोंडावर अजिबात काढू नयेत. कर्ज देणारी बँक आपला मूल्यांकनकार पाठवते, तो मंजूर नकाशा समोर ठेवून घर पाहतो आणि नकाशात नसलेला बदल दिसला की ठरत आलेला व्यवहार तिथेच अडकतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सामान काढावे, मग दुरुस्त्या कराव्यात, मग रंग, मग घासूनपुसून स्वच्छता आणि सर्वांत शेवटी चादरी, पडदे, झाडे यांसारखी सजावट करावी. उत्साहाच्या भरात लोक नेमकी सजावटीपासून सुरुवात करतात. मग प्लंबर येतो, भिंत फोडतो आणि नव्या पडद्यांवर सिमेंटची धूळ बसते.

जागा मोकळी करणे

शहरात घराची किंमत चौरस फुटांत सांगितली जाते, ग्राहकही डोक्यात तोच हिशेब ठेवून आत येतो आणि आपण मात्र ते चौरस फूट सामानाखाली झाकून ठेवतो. दहा बाय पंधराचा हॉल घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ १५० चौरस फूट होते. तीन जणांचा सोफा आणि त्याच्या दोन सुट्या खुर्च्या, काचेचे टेबल, टीव्हीचे शोकेस, भिंतीला टेकवलेली सायकल आणि दाराजवळचे चपलांचे कपाट असे सामान तिथे असते. सुटी खुर्ची तीन बाय तीनची धरली, तर दोन खुर्च्यांनी १८ चौरस फूट अडवलेले असतात आणि चार बाय दोनच्या टेबलाने ८. या तीनच वस्तू हलवल्या की २६ चौरस फूट फरशी उघडी पडते. परिसराचा भाव १५,००० रुपये चौरस फूट असेल, तर तेवढ्या जागेची किंमत ३,९०,००० रुपये होते आणि ती जागा दाखवायला टेम्पोच्या एका फेरीचे भाडे पुरते.

कोणती वस्तू काढायची हे ठरवण्यासाठी मुख्य दारातून प्रत्येक खिडकीपर्यंत आणि बाल्कनीपर्यंत सरळ चालून बघावे. जिथे वळसा घालावा लागतो, अंग चोरावे लागते किंवा गुडघा आपटतो, तिथली वस्तू जायला हवी. चालण्याची वाट किमान अडीच फूट मोकळी असावी. बाल्कनीच्या दाराला अर्धे झाकणारा दिवाण ही ठाण्यातल्या जुन्या वन बीएचकेची ठरलेली अडचण आहे. तो दुसऱ्या भिंतीला सरकवता येत नसेल, तर घरातून हलवावा, कारण दार पूर्ण उघडले की हॉलमध्ये उजेड दुपटीने आल्यासारखा वाटतो. बेडरूम मात्र पूर्ण रिकामी करू नये. रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही, याचा अंदाज बहुतेकांना येत नाही आणि ती आहे त्यापेक्षा लहान भासते; पलंग, एक कपाट आणि मधली मोकळी वाट दिसली की शंकेला जागा उरत नाही.

भिंतीतली कपाटे, ओट्याखालचे कप्पे आणि माळा ग्राहक हमखास उघडून बघतो आणि त्याने बघावेत. कपाट उघडताच कपडे अंगावर येत असतील, तर "या घरात साठवण कमी आहे" एवढेच त्याच्या लक्षात राहते. प्रत्येक कप्प्याचा निदान तिसरा भाग रिकामा दिसावा, असा नियम ठेवावा. माळ्यावरची बंद पडलेली मिक्सरची भांडी, टीव्हीचे खोके, जुने गॅस गीझर, मुलांची दहावीपर्यंतची पुस्तके यांची वाटणी सोपी आहे: रद्दीवाला, भंगारवाला, ओएलएक्स आणि उरलेले गावच्या घरी. घर विकायचेच आहे म्हणजे हे सगळे तसेही बांधावे लागणार आहे. ते दोन महिने आधी बांधायचे इतकेच. खोकी भरून ती घरातल्याच एका खोलीत रचून ठेवणे मात्र सगळ्यांत वाईट, कारण त्यामुळे ती खोली बघण्यातून बाद होते. डोंबिवली-कल्याणकडे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाची रिकामी खोली किंवा सोसायटीतल्याच कुणाचे बंद गॅरेज काही आठवड्यांसाठी मिळते का, हे विचारण्यात संकोच करू नये.

ओल, पोपडे आणि लपवाछपवी

आपल्या हवेत घराच्या विक्रीला सर्वांत जास्त मारक ठरते ती ओल. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात फुगलेला रंग, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आलेले पांढरे क्षार किंवा छतावरचा पिवळसर डाग दिसला की ग्राहक त्याबद्दल विचारत नाही, मनातल्या मनात दोन-तीन लाख वजा करतो. त्यामुळे रंगाचा डबा आणण्याआधी पाण्याचा उगम शोधायला हवा.

त्यासाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. डाग असलेल्या भागावर दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक ठेवावे, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि एक दिवस तसेच राहू द्यावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दवासारखे थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब बाहेरच्या बाजूला जमले आणि आत कोरडे राहिले, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे. दुसऱ्या प्रकारात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, खिडकी उघडी ठेवणे आणि बुरशी पुसून काढणे इतके पुरते. पहिल्या प्रकारात मात्र दुरुस्ती अटळ आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून झिरपणाऱ्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. वरच्या घराच्या न्हाणीघरातून येणारी गळती संबंधित सदनिकाधारकांनी निस्तरायची असते. सोसायटीकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. काम होईपर्यंत थांबता येत नसेल, तर तो अर्ज ग्राहकाला सरळ दाखवावा.

सरळ दाखवावा असे म्हणण्यामागे सचोटीइतकाच कायदाही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. डागावर पुट्टी फिरवून दोन हात रंग दिला की तो एक-दोन महिने दिसत नाही, हे खरे. पण तेवढ्यात घर विकले गेले आणि पहिल्याच पावसात भिंत पुन्हा फुगली, तर नव्या मालकाची नोटीस कुणाच्या पत्त्यावर येईल, हे सांगायला नको. एजंट मध्ये नसल्यामुळे ती थेट तुमच्याकडेच येते. भिंतीवर आडवे आलेले कपाट किंवा नेमक्या डागावर टांगलेले कॅलेंडर हीही लपवाछपवीच आहे, आणि आजकालचे ग्राहक कॅलेंडर उचलून बघतात.

वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि ठाण्यातल्या चाळीस वर्षांच्या इमारतींत स्लॅबखालचा गिलावा फुगून खपल्या पडणे हा आणखी वेगळा प्रकार आहे. आतल्या लोखंडी सळ्या गंजतात, गंजलेले लोखंड जास्त जागा घेते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. तिथे पुट्टी, पीओपी किंवा खोटे छत यांतले काहीही लावू नये. अभियंत्याला दाखवून सोसायटीमार्फतच दुरुस्ती करून घ्यावी. ते शक्य नसेल, तर तसे सांगून किंमत ठरवावी.

छोट्या दुरुस्त्या

या कामासाठी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांची प्रत्येकी एक सकाळ पुरते, फक्त यादी आधी तयार हवी. यादी करताना घरात पाहुणे म्हणून फिरावे आणि हाताला लागेल ते सगळे चालवून बघावे, कारण येणारा ग्राहकही नळ सोडून बघतो, बटण दाबून बघतो, खिडकी सरकवून बघतो. ठिबकणाऱ्या नळाचा वायसर, सतत वाहणाऱ्या फ्लशच्या टाकीतला वॉल्व्ह, हळू फिरणाऱ्या पंख्याचा कंडेन्सर, पिवळ्या पडलेल्या स्विचच्या पट्ट्या, कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आणि न लागणारी कडी यांचा एकत्र खर्च एका चांगल्या हॉटेलातल्या जेवणाइतकाही होत नाही, पण त्यांतली प्रत्येक गोष्ट "मालकाने घराकडे लक्ष दिलेले नाही" असे सांगत असते. स्लायडिंग खिडक्यांच्या पट्टीत साचलेली माती जुन्या टूथब्रशने काढून मेणबत्ती घासली की खिडकी एका बोटाने सरकते. घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींना हे काम दर आठवड्याला करावे लागेल; मेट्रो ४ चे काम सुरू झाल्यापासून तिथल्या काचांवर धुळीचा थर बसायला वेळ लागत नाही.

ग्रिलकडे वेगळे लक्ष द्यावे. खाडीच्या बाजूच्या ऐरोली, वाशी, नेरूळ या भागांत खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते आणि गंजाचे ओघळ खाली भिंतीवर उतरतात. पॉलिश पेपरने गंज काढून आधी रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या अस्तराचा) आणि वाळल्यावर ऑइल पेंटचा हात दिला की ग्रिल नवे दिसते. त्याच वेळी कबुतरांची घाण काढून घ्यावी. ती कोरडी खरवडू नये. तिची धूळ श्वासात जाणे फुप्फुसांना घातक असते. आधी पाणी शिंपडून भिजवावी, तोंडाला मास्क लावावा आणि मग काढावी. बाल्कनीला जाळी बसवायची असेल, तर ती आताच बसवावी.

टाइल्सच्या सांध्यांतला काळेपणा हा न्हाणीघराला जुनाट करणारा मुख्य दोष आहे. सांधे घासून त्यात पांढरे सिमेंट किंवा तयार ग्राउट भरले की टाइल्स न बदलताही फरक पडतो. सिंकभोवतीचे काळे पडलेले सिलिकॉन ब्लेडने काढून नवे भरावे. बाटलीतले ॲसिड ओतून टाइल्स उजळवण्याची सवय मात्र सोडावी. ते सांध्यांतले सिमेंट खाते, आणि कडप्पा व संगमरवर हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड असल्यामुळे त्यांची चकाकी कायमची घालवते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

रंग

सगळे घर रंगवण्याची गरज क्वचित असते. हॉल, स्वयंपाकघराची तेलकट भिंत आणि मुलांच्या खोलीतली जांभळी किंवा लालभडक भिंत इतके रंगवले तरी पुरते. रंग हस्तिदंती किंवा फिका पांढरा घ्यावा आणि सगळीकडे एकच घ्यावा. एका खोलीतून दुसरीत जाताना रंग बदलला नाही की लहान घर सलग आणि मोठे वाटते, शिवाय एकच मोठा डबा स्वस्त पडतो.

हिशेब असा करावा. दहा बाय पंधराच्या हॉलचा घेर ५० फूट आणि उंची ९ फूट धरली, तर भिंती ४५० चौरस फूट होतात. दारे-खिडक्यांचे ६० ते ७० वजा केले की सुमारे ३८५ उरतात. साध्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना मिळून साधारण १२० चौरस फुटांना पुरतो असे धरले, तर चार लिटरच्या एका डब्यात हॉल उरकतो. गडद भिंतीवर आधी प्रायमर न दिल्यास खालचा रंग डोकावत राहतो आणि तिसरा हात द्यावा लागतो, म्हणून तिथे प्रायमरचा खर्च वाचवू नये. नाक्यावरून रंगारी बोलावताना मजुरी रोजावर न ठरवता कामावर ठरवावी. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो आणि ओलसर भिंतीवर तो धरत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये रंगाच्या भानगडीत न पडता ओल्या फडक्याने भिंती पुसून घेणे उत्तम. रंगाचा वास जायला आठवडाभर लागतो. फोटो आणि भेटी त्यानंतर ठेवाव्यात.

उजेड आणि वास

आपल्या घरांत बहुधा ६५०० केल्विनचे (हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) निळसर पांढरे दिवे असतात आणि एखादा उडाला की मिळेल तो लावला जातो, त्यामुळे एकाच हॉलमध्ये एक दिवा पिवळा आणि दुसरा निळा दिसतो. हॉल आणि बेडरूममध्ये ३००० केल्विनचे, तर स्वयंपाकघर व न्हाणीघरात ४००० केल्विनचे एलईडी लावावेत. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. जिना, माळा आणि पॅसेज यांतले दिवे चालू आहेत ना, हेही बघावे. जाड दुहेरी पडदे काढून पातळ सुती पडदे लावावेत आणि खिडकीतून येऊर, पारसिक किंवा खारघरचा डोंगर दिसत असेल, तर त्या खिडकीवर पडदाच नसावा. खिडकीच्या कट्ट्यावरच्या बरण्या, औषधांचे डबे आणि वाळत घातलेली मोजे-रुमालांची माळही तिथून हलवावी.

वासाची गंमत अशी की घरात राहणाऱ्याला तो येत नाही. म्हणून बाहेरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला, मावशीला किंवा शेजारच्या आजींना, बोलावून "आत आल्या आल्या कसला वास येतो?" असे विचारावे. न्हाणीघरातून गटाराचा वास येत असेल, तर दर वेळी पाइप तुंबलेला असतो असे नाही. जमिनीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साचलेले असते आणि तेच खालची दुर्गंधी व झुरळे अडवते. वापर नसला की हे पाणी आटते आणि वाट मोकळी होते. बंद ठेवलेल्या घरात किंवा न वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या टॉयलेटमध्ये असे हमखास होते. भेटीच्या आदल्या रात्री प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतले की काम भागते. उग्र अगरबत्ती, रूम फ्रेशनर आणि डांबरगोळ्या टाळाव्यात. हे लोक काहीतरी झाकत आहेत, असा संशय त्यांनीच येतो. भेटीच्या दिवशी सुकट-बोंबील तळू नयेत, इतका त्याग करावा लागेल.

देव्हारा, फोटो आणि दाराबाहेरची जागा

परदेशी सल्ल्यांत घरातले सगळे वैयक्तिक सामान काढून घर हॉटेलच्या खोलीसारखे करायला सांगतात. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू पडत नाही, असे माझे मत आहे. नीटनेटका, काजळी पुसलेला देव्हारा ग्राहकाला खटकत नाही; उलट देवाची जागा कुठे करता येईल, हा प्रश्न अनेक घरांतली वडीलधारी माणसे पहिल्यांदा विचारतात. हार घातलेल्या तसबिरींची रांग, लग्नाचा चार फुटी फोटो, ट्रॉफ्यांनी भरलेले शोकेस आणि फ्रिजवरचे चुंबक-स्टिकर मात्र काढावेत, कारण त्यांच्याकडे बघताना माणूस घर बघायचे विसरतो. दिवाणावर साधी हातमागाची चादर, जेवणाच्या टेबलावर काहीही नाही आणि बाल्कनीत तुळस व मनीप्लांटच्या दोन-तीन स्वच्छ कुंड्या एवढी सजावट बस्स. चादरी आणि पडदे जांभळी नाक्याच्या किंवा तुमच्या जवळच्या बाजारातून घ्यावेत. पुढच्या घरात ते वापरता येतात, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

ग्राहक दार उघडण्याची वाट बघत मिनिटभर बाहेर उभा असतो आणि त्या मिनिटात त्याला चपलांचे कपाट, जुनी छत्री आणि कचऱ्याची बादली दिसते. पॅसेज आग लागल्यास बाहेर पडण्याचा रस्ता असल्यामुळे तसाही मोकळाच हवा. नावाची पाटी पुसावी, बेल वाजते का बघावे.

फोटो आणि जाहिरात

जाहिरात पाहूनच लोक यायचे की नाही ते ठरवतात, त्यामुळे फोटोंसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. साधा फोन पुरतो. कॅमेऱ्याची काच पुसावी, फोन आडवा आणि छातीच्या उंचीवर धरावा, खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून समोरचा कोपरा दिसेल असा फोटो घ्यावा आणि दिवसाउजेडीही सगळे दिवे लावावेत. कमोडचे झाकण बंद असावे, आरशात फोटो काढणारा दिसू नये, ओट्यावर गॅस सोडून काही नसावे. फोनमधला ०.५ हा रुंद पर्याय वापरू नये. त्यात दहा फुटांची खोली पंधराची दिसते आणि प्रत्यक्षात आलेला माणूस उंबरठ्यावरच फसवल्यासारखा होतो. तिजोरी, दागिने, कागदपत्रे आणि मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नयेत.

मजकुरात कार्पेट क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, लिहावे आणि ते करारनाम्यात आहे तेवढेच लिहावे. भिंतींची जाडीही धरणारा बिल्टअपचा मोठा आकडा टाकून फोन जास्त येतील, पण ते तुमच्या कामाचे नसतील. नोब्रोकर, नाइंटीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स यांसारख्या संकेतस्थळांवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच मजकूर व एकच किंमत द्यावी. "मालकाकडून थेट विक्री" असे लिहिले तरी एजंटांचे फोन येतातच, त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

भेटीचा दिवस

भेटीची वेळ घराच्या दिशेवरून ठरवावी. पूर्वेच्या खिडक्या असतील तर सकाळी नऊ ते अकरा, पश्चिमेच्या असतील तर चारच्या सुमारास. मेच्या दुपारी पश्चिमेचा हॉल तापलेला असतो, तेव्हा तो कुणाला दाखवू नये. महापालिकेने पाणी बंद ठेवल्याचे जाहीर केले असेल, त्या दिवशी भेट नको. पितृपक्षात बरेच लोक फिरकत नाहीत, तर मुलांच्या शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने घर बदलणारी कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये जोमाने शोधत असतात. तुमच्या घरात पावसाचे पाणी खरोखरच येत नसेल, तर जुलैतल्या मुसळधार दिवशीही दाखवायला हरकत नाही. कोरडी भिंत तेव्हाच पटते.

येणाऱ्याचे नाव आणि ओळखपत्र गेटवर नोंदवून घ्यावे. मौल्यवान वस्तू आदल्या दिवशीच लॉकरमध्ये ठेवाव्यात. घरात एक किंवा दोन माणसे पुरेत. सगळे कुटुंब टीव्हीसमोर बसून राहिले की पाहुणे आत जायला संकोचतात. "या काका, या काकू, सगळे निवांत उघडून बघा," इतके म्हणून पाणी द्यावे आणि गप्प राहावे. प्रत्येक खोलीत मागे मागे जाऊन "ही बेडरूम, हे किचन" असे सांगणे अनावश्यक आहे, त्यांना ते दिसत असते.

बोलण्याच्या जागी टेबलावर एक कागद ठेवावा. त्यावर हाताने का होईना, पण मापे टाकलेला घराचा नकाशा, कार्पेट क्षेत्र, इमारतीचे वय, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) आहे की नाही, महिन्याचा मेंटेनन्स, पार्किंग, पाण्याच्या वेळा आणि स्टेशनला पोचायला गर्दीच्या वेळी लागणारा खरा वेळ लिहावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते; ते किती आणि कोण भरणार, याचेही उत्तर कागदावर असू द्यावे. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), आधीचे नोंदणीकृत करारनामे आणि मालमत्ता कराची पावती यांच्या प्रती फाइलमध्ये तयार असाव्यात, पण पहिल्याच भेटीत त्या कुणाच्या हाती देऊ नयेत किंवा त्यांचे फोटो काढू देऊ नयेत.

एक बारीक मुद्दा अनेक व्यवहारांत शेवटी कटुता आणतो. मांडणी केलेले घर बघून ग्राहक पडदे, पंखे, दिवे, गीझर, चिमणी हे सगळे किमतीत धरतो आणि मालक ते पुढच्या घरी न्यायचे ठरवून बसलेला असतो. त्यामुळे काय राहणार आणि काय जाणार याची यादी बोलणी सुरू असतानाच दाखवावी आणि टोकन घेताना दिलेल्या पावतीवर ती लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सजावटीसाठी म्हणून आणलेल्या वस्तू त्या यादीत "जाणार" या बाजूला लिहायला विसरू नये.